वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं : कोन फिल्टरचा तो आवाज

प्रश्न : काका, नमस्कार. मी लातूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी 2014 ची पेट्रोल स्विफ्ट आहे. गाडी दादाची, पण तो पुण्याला असतो म्हणून माझ्याच हातात असते. गावातला एक ॲक्सेसरीवाला म्हणतो, कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, बसव. साडेतीन हजारात आठ-दहा हॉर्सपॉवर वाढतात, ॲव्हरेज वाढतं आणि आवाज तर विचारूच नको. मित्राच्या गाडीला बसवलाय, आवाज खरंच भारी येतो. बसवू का? दादाला अजून सांगितलं नाही.

उत्तर : आधी आवाजाचं बोलू. तुला खरं तेच हवंय, आणि त्या बाबतीत दुकानदार खोटं बोलत नाही.

इंजिन हवा सलग ओढत नाही, घोट घोट ओढतं. व्हॉल्व उघडला की एक घोट, मिटला की हवेचा धक्का मागं फिरतो. हे धक्के नळीतून उलटे बाहेर येतात, तोच तो घुमारा. तो दाबायला कंपनी फिल्टर प्लॅस्टिकच्या डब्यात बसवते, आणि बऱ्याच गाड्यांत नळीच्या कडेला एक पोकळ डबी देते. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा एकच सूर निघतो ना, तशी ही डबी एक ठरावीक सूर गिळते. पोरं तिला बिनकामाची म्हणून भंगारात टाकतात. डबा काढून उघडा कोन लावला की दाबून ठेवलेलं सगळं कानावर येतं. तेही पाय पूर्ण दाबलास आणि इंजिन तीन-साडेतीन हजार आरपीएमच्या वर गेलं तरच. गंजगोलाईच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर रांगताना तुझ्या गाडीत आणि शेजारच्या गाडीत काडीचा फरक नाही. दादालाही गल्लीत कळणार नाही. हायवेला एक ओव्हरटेक मारला की कळेल.

आता ताकद. तुझं इंजिन 1.2 लिटरचं. सहा हजार आरपीएमला ते मिनिटाला तीन-साडेतीन हजार लिटर हवा ओढतं. तेवढ्या ओढीला कागदी फिल्टर किंचित अडवतो, मान्य. पण दिवसातून तू सहा हजारावर असतोस किती वेळ? एरवी पाय अर्धा, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप अर्धी मिटलेली. जायकवाडीच्या कालव्याचं दार अर्धं पाडलेलं असताना मागं नाथसागर किती पसरलाय, याला कालव्याच्या लेखी काय किंमत?

ॲव्हरेजचंही तेच. कार्बोरेटरच्या काळात फिल्टर चोंदला की हवा-पेट्रोलचं मिश्रण गाढं व्हायचं आणि गाडी पेट्रोल प्यायची. 'फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढवा' हे गॅरेजातलं पालुपद तेव्हाचं. आता कॉम्प्युटर एका किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा हा हिशेब धरून पेट्रोल सोडतो, आणि एक्झॉस्टच्या वाटेवरचा सेन्सर तो हिशेब तपासत बसतो. हवा कमी आली तर पेट्रोलही कमी जातं.

दुकानदार एक गोष्ट सांगत नाही. कंपनीचा डबा पुढून, ग्रिलच्या बाजूनं बाहेरची हवा घेतो. उघडा कोन बोनटच्या आतली हवा घेतो. मे महिन्यात आपल्याकडं बाहेर 40 अंश असतं, आणि सिग्नलला उभ्या गाडीच्या बोनटखाली 60 सहज. हवा 20 अंशांनी तापली की साधारण सहा टक्के विरळ होते. तुझ्या गाडीची ताकद 85 हॉर्सपॉवरच्या आसपास. त्यातले पाच असे जायचे. आठ मिळवायला गेलास आणि पाच घालवून आलास.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, घड्याळावर ठेव. असाच एक हट्टी पोरगा आला होता. रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही त्याची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये 40 पासून 80 पर्यंत पळवली. चार वेळा कोन लावून, चार वेळा डबा लावून. फरक माझ्या अंगठ्याच्या चुकीएवढाच आला. पोरगं म्हणालं, "पण सर, कोन लावल्यावर जास्त पळाली असं वाटलं." वाटणारच. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. मलाही वाटलं, आणि मी 31 वर्षं आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकवलंय.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पोरांनी हौस करू नये तर काय म्हाताऱ्यांनी करावी? पण आपल्याकडं धूळ आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्त्यावर पिवळा धुरळा, पुढं ऊस तोडणीचे ट्रॅक्टर, आणि काळ्या मातीची उन्हाळ्यात होते ती पीठासारखी भुकटी. आयटीआयत पहिल्या दिवशी मी पोरांना जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल बाथ फिल्टर, म्हणजे हवेतली धूळ तेलाच्या वाटीत पकडणारा फिल्टर, खोलायला लावायचो. वाटीतलं तेल ओतलं की तळाला बोटभर चिखल निघायचा. विचारायचो, हा वाटीत नसता तर कुठं असता?

कुठं असता ते नंतर एकदा बघितलं. माजलगावकडचा एक गिऱ्हाईक डिझेल गाडी घेऊन आला. गाडीला स्वस्तातला उघडा कोन होता. टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, शिट्टी ऐकू येते म्हणून गडी खूश होता, रोज शेतावर त्याच गाडीनं जायचा. दीड वर्षात गाडी ऑइल खायला लागली, मागून निळा धूर. मी होज काढून आत बोट फिरवलं तर बोटाला तेलकट चिखल. टर्बोच्या पात्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झालेल्या. इंजिन खोललं, टर्बो गेला, पिस्टनच्या रिंगा गेल्या. बिल साठ हजाराच्या वर झालं.

सगळेच कोन असे नसतात. चांगल्या कंपनीचा कापडी फिल्टर धूळ बऱ्यापैकी अडवतो. पण साडेतीन हजारात कोन, नळी, क्लॅम्प सगळं मिळत असेल तर त्यात फिल्टर कितीचा असेल? काहीजण मग कोन खाली, बंपरमागं नेतात, थंड हवा मिळावी म्हणून. कल्पना चांगली, पण पावसाळ्यात ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं आणि त्यात गाडी घातली की इंजिन फिल्टरमधून पाणी ओढतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून माझं ऐकशील तर डबा राहू दे, आत त्याच मापाचा चांगला पॅनल (चपटा) फिल्टर टाक. आवाज थोडासाच बदलेल. एवढ्यानं भागत नसेल आणि कोन बसवायचाच असेल, तर दादाला फोन करून बसव, मूळ डबा आणि ती पोकळ डबी घरी जपून ठेव, आणि दर महिन्याला फिल्टरकडून इंजिनकडं जाणाऱ्या नळीत आतून पांढरं फडकं फिरव. फडकं मळलं की त्याच दिवशी डबा परत लाव. सायलेन्सरला मात्र हात लावू नकोस. तिथं पोलीस थांबवतात, आणि बरोबर थांबवतात.

प्रश्न : मी जालन्याजवळच्या खेड्यावर शिक्षिका आहे. वॅगनआरनं रोज जाणं-येणं, निम्मा रस्ता कच्चा. गॅरेजवाला दर महिन्याला एअर फिल्टर काढून हवा मारतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, हेतू चांगला, सवय वाईट. कागदी फिल्टरवर थोडी धूळ बसली की तो उलट जास्त बारीक गाळतो, कारण बसलेली धूळच चाळणी होते. जोरात हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. शिवाय दर वेळी डबा उघडताना कडेची धूळ आत सांडते. गाडीच्या पुस्तकात धुळीच्या रस्त्यांसाठी फिल्टरचा वेगळा, कमी किलोमीटरचा तक्ता असतो, तो बघून सरळ नवा टाका. मध्ये एखाद्या वेळी साफ करायचाच झाला तर हवा कमी दाबानं, आतून बाहेर मारायला सांगा. आणि झाकणाच्या क्लिपा नीट बसल्यात का ते स्वतः दाबून बघा. अर्ध्या गॅरेजांत एक क्लिप उघडीच राहते.

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीत तेल लावायचा, धुता येणारा कापडी फिल्टर टाकला. पहिल्यांदा धुऊन बसवल्यावर चेक लाइट लागला, पिकअपही कमी झाला. फिल्टर खराब निघाला का? (परभणी)

उत्तर : फिल्टर ठीक असावा, तेल जास्त झालंय. फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये हवा मोजणारा सेन्सर असतो, त्यात एक बारीक तापलेली तार असते. तिच्यावर तेल बसलं की ती हवा कमी मोजते आणि कॉम्प्युटर गोंधळतो. सेन्सर काढून त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनंच धुवा. कार्बोरेटर क्लीनर नको, कापूस नको, बोट तर नकोच. पूर्ण सुकल्याशिवाय लावू नका. पुढच्या वेळी फिल्टर धुतल्यावर सावलीत वाळवा, घडीघडीवर तेलाची एकच बारीक रेघ सोडा आणि रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर उभा ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला तर अजून एक रात्र राहू द्या.