सुरुवात सिड सीझरपासून कर
जुन्या ज्यू विनोदवीरांकडे वळतोयस, तर आधी सिड सीझर बघ. १९५० ते ५४ दरम्यान त्याचा 'युअर शो ऑफ शोज' हा अमेरिकन टीव्ही कार्यक्रम शनिवारी रात्री दीड तास थेट प्रक्षेपित व्हायचा. रीटेकची सोयच नव्हती. त्यातलं 'धिस इज युअर स्टोरी' हे प्रहसन पहिलं लाव. अंकल गूपी झालेला सहकलाकार हॉवर्ड मॉरिस सीझरला असा काही बिलगतो की सोडवता सुटत नाही! प्रहसनांत सीझर बोलतो ते जर्मन, इटालियन सगळं बनावट, लय मात्र अस्सल. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये वडिलांच्या खानावळीत येणाऱ्या स्थलांतरित गिऱ्हाइकांकडून त्यानं ती कानानं टिपली. तेव्हा भाषेला घाबरू नकोस. चित्र धूसर दिसेल, कारण या प्रती टीव्हीच्या पडद्यावरून फिल्मवर उतरवलेल्या आहेत. आणि कृपा करून कापलेले तुकडे बघू नकोस. त्याची सहकलाकार इमोजीन कोका हिच्या चेहऱ्यावरचं बारीक काम त्यात हरवतं.