खरचटल्याचे काळे डाग लवकर कसे जातील?

खपली पडल्यावर उरलेला सपाट, तपकिरी डाग बहुतेक वेळा खरा व्रण नसतो. जखमेच्या दाहामुळे तिथे जास्तीचं रंगद्रव्य साठलेलं असतं. सावळ्या त्वचेत ते फिकं व्हायला ६ ते १२ महिने लागू शकतात, घाई करू नका.

जखम ओली असेपर्यंत रोज साध्या पाण्याने धुवा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा, वर ड्रेसिंग. खपली नखाने उचकटलीत तर खालची कोवळी त्वचा फाटते आणि डाग गडद होतो. मुंबईच्या दमट हवेत पट्टी घामाने भिजते, तेव्हा ती लगेच बदला.

त्वचा पूर्ण जुळल्यावर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा, उन्हात दर दोन तासांनी पुन्हा. जुलैच्या ढगाळ दिवशीसुद्धा, कारण अतिनील किरण ढगांतून येतातच. उंचवटा असेल तर सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, निदान २-३ महिने.

लिंबू, टूथपेस्ट नकोच, त्वचा भाजते. मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइड क्रीम तर अजिबात नको, त्याने त्वचा पातळ होते.

व्रण मूळ जखमेच्या कडेबाहेर पसरत असेल, खाजत असेल तर तो कीलॉइड असू शकतो. लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.