पिझ्झा गरम कोण करतं?

ताई,
मी अमळनेरला राहते. वय 39, उंची पाच फूट दोन इंच, वजन 74. दिवाळीनंतर मनावर घेतलं. साखर कमी केली, रोज पाऊण तास चालते, दोन महिन्यांत तीन किलो उतरलं. पण आता महिना झाला, काटा जागचा हलत नाही. कारण मला माहीत आहे, पिझ्झा. मिस्टर नोकरीसाठी जळगावला अप-डाऊन करतात. दर शनिवारी येताना दोघा मुलांसाठी दोन मिडियम पिझ्झे आणि गार्लिक ब्रेड आणतात. गार झालेले असतात म्हणून मी तव्यावर गरम करून देते. त्या दिवशी मी सकाळपासून चहा आणि एखाद्या केळ्यावर असते, तरी रात्री हात आवरत नाही. रविवारी सकाळी वजन केलं की सव्वा किलो वाढलेलं. मग सोमवारी कडक उपास. घरचे खूप समजूतदार आहेत, वजनावरून कुणी कधी काही बोललं नाही. माझ्यातच संयम नाही. शेवभाजी आणि केळ्याचे वेफर्सही सुटत नाहीत ते वेगळंच. पिझ्झा कायमचा सोडू का? की घरीच कणकेचा करत जाऊ?
— संयम नसलेली

ताई,

संयमाचं राहू द्या. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: "गार झालेले असतात म्हणून मी तव्यावर गरम करून देते." माझं सगळं उत्तर या वाक्याला आहे. पिझ्झ्याला नाही.

शनिवारची रात्र डोळ्यांसमोर आणा. तवा पोळ्यांचा, म्हणजे मध्ये खोलगट. त्यावर एका वेळी दोन तुकडे धड बसतात. पहिले दोन मुलांना, पुढचे दोन मिस्टरांना, तोवर धाकट्याची हाक, "आई, अजून." तुम्ही पिझ्झासुद्धा पोळीसारखा वाढता, तव्यावरून थेट पानात. मधल्या वेळात तव्याला चिकटलेलं चीज उलथन्याने खरवडायचं आणि तोंडात टाकायचं. एखादा तुकडा उचलताना फाटतो, तो कुणाला कसा द्यायचा, म्हणून तो तुमचा. गार्लिक ब्रेडचे शेवटचे दोन तुकडे कुणालाच नको असतात, तेही तुमचे. मुलांच्या ताटल्यांत कडा उरतात, त्या उचलता उचलता पोटात. सगळे टीव्हीसमोर गेले की खोक्यात दोन तुकडे असतात, पुन्हा गार झालेले. स्वतःसाठी कोण तवा चढवणार? ओट्याशी उभ्या उभ्या ते संपतात आणि तुम्ही हात धुता.

त्या रात्री घासायला ताटल्या किती पडतात? घरात माणसं चार.

तुम्ही पिझ्झा खात नाही, ताई. तुम्ही पिझ्झा वाढता, आणि वाढताना जे सांडतं-उरतं ते गिळता. त्याचा हिशेब मांडू. मिडियम म्हणजे साधारण दहा इंची, सहा तुकड्यांचा. एका तुकड्याचे धरा 200 ते 230 कॅलरी, वर काय आहे त्यावर. तुमच्या वाटचे दोन म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास. हे तुम्ही मोजता आणि त्यावरूनच स्वतःला बोल लावता. आता न मोजलेलं. दोघा मुलांनी तीन-तीन तुकडे खाल्ले तर सहा कडा. कड म्हणजे तुकड्याचा पाचवा-चौथा हिस्सा, सहा कडांचे अडीचशे ते तीनशे. गार्लिक ब्रेडचे दोन, लोणी लावलेले, दीडशे. खरवडलेलं चीज वीस ग्रॅम, साठ. झाले पाचशे. जे ताटलीत कधी आलंच नाही ते तुमच्या दोन तुकड्यांपेक्षा जड आहे. आणि त्याने समाधान शून्य, कारण तुमचं खाणं दोन-दोन घासांत, दोन तासांवर पसरलेलं असतं. वर सकाळपासून चहा आणि केळं. अशा भुकेला हात आवरता येणारी बाई अजून जन्मायची आहे.

मुलं कडा का टाकतात, ठाऊक आहे? कड कोरडी असते म्हणून थोडंफार. पण मुख्य म्हणजे तव्यावर पुढचा गरम तुकडा दिसत असतो. चीजवाला गरम तुकडा समोर असताना गार कड कोण चावेल? सगळे तुकडे एकदम ताटलीत आले की कडा आपोआप कमी उरतात. दोन वाढायचे, तिसरा हवा तर आधी दोन्ही कडा संपवायच्या. पानात टाकू नये हा नियम ज्याचं पान त्याला लागू असतो. तुम्ही तो सगळ्यांच्या वतीने एकट्या पाळताय.

आणि हे फक्त शनिवारचं नसणार. जी आई शनिवारी कडा संपवते ती मंगळवारी डब्यातली अर्धी पोळी संपवते, कपात उरलेलं दूध पिते, कुकरच्या तळाची खिचडी खाते. आपल्याकडे खानदेशात खिचडीवर तेल घेतल्याशिवाय ती उतरत नाही. शेंगदाण्याचं तेल कितीही घाण्याचं असो, चहाच्या चमच्याएवढं घेतलं तर 40 कॅलरी, लहान पळीभर म्हणजे 15 मिली घेतलं तर सव्वाशे. असं इकडचं-तिकडचं दिवसाला अडीचशे सहज होतं. 74 किलोच्या बाईने पाऊण तास बऱ्यापैकी चाललं तर खर्च होतात साधारण 200. महिनाभर काटा का हलला नाही, हे आता मला विचारू नका.

रविवारच्या सव्वा किलोचं मात्र मनातून काढून टाका. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. सव्वा किलोसाठी साडेनऊ हजार, म्हणजे रोजच्या जेवणाच्या वर पंचेचाळीसएक तुकडे. दोन्ही खोक्यांत मिळून बारा असतात! वाढतं ते पाणी. पिझ्झ्यात मीठ भरपूर, ते पाणी धरून ठेवतं. दिवसभर उपाशी राहून एकदम मैदा खाल्ला की त्यातला काही भाग स्नायूंत आणि यकृतात साठा म्हणून जातो आणि एका ग्रॅम साठ्यामागे तीनेक ग्रॅम पाणी घेऊन बसतो. दोन-तीन दिवसांत ते आपोआप निघून जातं. तुम्हाला वाटतं सोमवारच्या उपासाने गेलं. उपासाने काय केलं, तर मंगळवारी तुम्हाला कुकरच्या तळाशी नेलं. सोमवारचा उपास बंद. वजन आठवड्यातून एकदा, शुक्रवारी सकाळी, चहाच्या आधी. रविवारी काट्याकडे फिरकायचं नाही.

पिझ्झा सोडू का, विचारता. सोडून काय होईल? तवा तोच, उभं राहणं तेच, फक्त दोन तुकडे कमी आणि कडा चालूच.

कणकेचा तर मुळीच नको. कणीक आणि मैदा, 100 ग्रॅमला दोन्ही साडेतीनशेच्या आसपासच. कणकेत चोथा जास्त, हा खरा फायदा, पण चीज तेवढंच घातलं तर वजनाच्या दृष्टीने हाती फार काही लागत नाही. उलट कोंड्यामुळे पीठ नीट ताणत नाही, मैद्याइतकंच पाणी घातलं तर बेस पुठ्ठ्यासारखा होतो, यीस्टचं पाणी जास्त गरम झालं तर पीठ फुगतच नाही आणि आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर विसरलं तर आंबट होऊन बसतं. हे सगळं सांभाळणार कोण? तुम्ही. भाजणार कोण? तुम्ही. शेवटी जेवणार कोण, तेही सांगायला नको. (आणि भाकरीवर चीज पसरून त्याला पिझ्झा म्हणायचा जो नवा प्रकार निघालाय, तोही नको. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला ठेचा आणि तेलाची धार पुरते. तिला वेषांतराची गरज नाही.)

तुमचे घरचे समजूतदार आहेत म्हणता. वजनावरून कुणी बोललं नाही, ठीक. पण "तू बस, मी गरम करतो" असंही कुणी बोललं नाही. बोललं असतं तर तुम्ही ते पत्रात आधी लिहिलं असतं.

तेव्हा एकच सांगते. या शनिवारी तव्यापाशी तुम्ही उभं राहायचं नाही. जो पिझ्झा आणतो तो गरम करेल. त्यांना जमत नाही असं तुम्ही म्हणणार, म्हणून पुढचा मजकूर त्यांच्यासाठी. कापून फ्रीजवर लावा.

भाऊ, पोळ्यांचा तवा घेऊ नका. खोलगट तव्यावर तुकड्याचा मधला भाग करपतो आणि टोकं गार राहतात. डोशाचा सपाट तवा घ्या, त्यावर अख्खा दहा इंची पिझ्झा एकदम मावतो. दुसरा पिझ्झा दुसऱ्या शेगडीवर, सपाट बुडाच्या मोठ्या पॅनमध्ये. खोकं उघडल्यावर तुकडे ओढून काढू नका, गार चीज शेजारच्या तुकड्याचं वरचं सगळं सोबत घेऊन येतं. आधी सुरी फिरवा. तवा मंद आचेवर दोन मिनिटं तापवा, तेल अजिबात नको, बेसला असतं ते पुरतं. तुकडे ठेवून तीन मिनिटं झाकण न घालता राहू द्या, म्हणजे तळ कुरकुरीत होतो. तवा मधून मधून थोडा फिरवा, कारण शेगडीची आच मधोमध लागते. मग तव्याच्या रिकाम्या कडेला, तुकड्यांपासून लांब, अर्धा चमचा पाणी सोडा आणि लगेच झाकण. त्या वाफेवर दीड-दोन मिनिटांत चीज वितळतं. पाणी तुकड्याखाली गेलं तर बेस लादा होतो. घाई करून आच मोठी केलीत तर खाली कोळसा आणि वर चीज गारच. मायक्रोवेव्ह असला तरी नको, मिनिटभर मऊ लागतो आणि मग चामड्यासारखा होतो. तवे तापण्यापासून धरून सात-आठ मिनिटांत बाराही तुकडे तयार. चार ताटल्या आधीच मांडून ठेवा. चार. आणि एप्रिल-मेमध्ये जळगावहून दीड-दोन तास गाडीतून पिझ्झा आणत जाऊ नका. तेवढ्या उकाड्यात चीज खराब व्हायला वेळ लागत नाही. उन्हाळाभर अमळनेरातूनच घ्या.

आता तुम्ही. शनिवारी सकाळी मुगाचं एक धिरडं किंवा दोन अंडी. दुपारी नेहमीचं जेवण, एक भाकरी, वाटीभर वरण, भाजी, ताक. पाच वाजता मूठभर फुटाणे, तीसेक ग्रॅम. रात्री तुमच्या ताटलीत दोन तुकडे, कडांसकट, आणि वाटीभर काकडी-कांदा. कोल्ड्रिंकच्या ग्लासाला हात लावू नका, 250 मिलीत सव्वीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. तिसरा तुकडा हवासा वाटला तर जरूर घ्या, पण ताटलीत घ्या, बसून घ्या, सगळ्यांदेखत घ्या. तुकडे उरले तर डब्यात घालून फ्रीजमध्ये. "संपवून टाकते" हे वाक्य त्या रात्रीपुरतं घरात कुणी उच्चारायचं नाही.

जेवताना पाय आपोआप ओट्याकडे वळतील. मिस्टर उलथनं उलटं धरतील, एक तुकडा करपेल, धाकटा पाणी मागेल. उठू नका.

शेवभाजी आणि वेफर्सचं थोडक्यात. शेव रश्श्यात आधी भिजवून ठेवू नका, ती तर्री पिते. तर्री पळीने बाजूला सारून खालचा रस्सा घ्या आणि मूठभर शेव खाताना वरून टाका. वेफर्स वाटीत काढून घ्या, पुडा परत डब्यात. पुड्यातून खाल्लेलंही कडांसारखंच असतं, कुठे मोजलं जात नाही.

अजून एक. अख्ख्या पत्रात मुलांसाठी काय येतं हे आहे, पण तुम्हाला पिझ्झ्यावर काय आवडतं ते कुठेच नाही. शनिवारी सकाळची गाडी पकडायच्या आधी मिस्टरांना ते सांगा. दोनातला एक तसा येऊ दे. मुलं नाकं मुरडतील, मुरडू देत.

आणि रविवारी सकाळी ताटल्या मोजा. त्या घासल्या कुणी, तेही पुढच्या पत्रात लिहा.