मुखवट्याआडचे प्राध्यापक : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मी 'बिग हीरो सिक्स' या डिस्नेच्या २०१४ सालच्या अ‍ॅनिमेशनपटाचे परीक्षण लिहिले होते आणि त्यातील खलनायक प्राध्यापक कॅलहन यांच्याविषयी 'दया यावी असा, पण अर्ध्यावर सोडलेला' असे शब्द वापरले होते. आलेली बहुतेक पत्रे याच एका वाक्यावर आहेत. उत्तरे देताना कथेतील रहस्य फुटणारच आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी हे पान चित्रपट पाहून झाल्यावर उघडावे.

ज्यांनी तो पूर्वी पाहिला आहे त्यांना कथेची आठवण करून देतो. सॅन फ्रान्सिस्को आणि टोकियो यांची सरमिसळ करून रचलेल्या सॅन फ्रान्सोक्यो या काल्पनिक शहरात हिरो हमाडा नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मनातल्या विचारांनी हलणारे असंख्य 'मायक्रोबॉट' बनवतो. ज्या रात्री तो ते विद्यापीठाच्या प्रदर्शनात मांडतो त्याच रात्री तिथे आग लागते आणि आत राहिलेल्या प्राध्यापक कॅलहन यांना बाहेर काढायला धावलेला त्याचा थोरला भाऊ तादाशी प्राणास मुकतो. पुढे काबुकी नाट्यातला मुखवटा घातलेला एक माणूस तेच मायक्रोबॉट वापरताना दिसतो, आणि तो मेलेला समजला गेलेला कॅलहनच निघतो. उद्योगपती क्रेई यांनी एका बेटावर घेतलेल्या, एका जागेतून क्षणात दुसऱ्या जागी पोहोचवणाऱ्या द्वाराच्या चाचणीत कॅलहनांची मुलगी अ‍ॅबिगेल हरवलेली असते आणि त्याचा सूड त्यांना घ्यायचा असतो. हिरोच्या सोबतीला उरतो तो तादाशीने बनवलेला, फुग्यासारखा गुबगुबीत, रुग्णांची शुश्रूषा करणारा यंत्रमानव बेमॅक्स.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी हा चित्रपट पाहून प्रत्येक वेळी शेवटी प्राध्यापकांसाठी रडते आणि 'आई, ते वाईट नव्हते ना?' असे विचारते. 'नव्हते' म्हणावे तर त्यांनी केलेले सगळे माफ केल्यासारखे होते, 'होते' म्हणावे तर तिला ते पटत नाही. काय सांगावे? (एक आई, नाशिक)

उत्तर : आपली मुलगी नेमक्या जागी रडते आहे, तेव्हा तिला घाईने गप्प करू नये, एवढे आधी सांगतो. 'वाईट होते की नव्हते' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देण्याऐवजी तिच्यासोबत बसून दोन प्रसंग लागोपाठ पुन्हा पाहावेत.

पहिला प्रसंग असा. मुखवट्यामागे कॅलहन आहेत हे कळताच हिरो संतापाने बेमॅक्सच्या छातीतली हिरवी चिप उपसून टाकतो. या चिपमध्ये तादाशीने शुश्रूषेचे सगळे ज्ञान भरलेले असते. ती निघाल्यावर आत उरते ती हिरोने स्वतः घातलेली, कवटी रंगवलेली लाल चिप. बेमॅक्सचे डोळे लाल होतात आणि तो कॅलहनांचा जीव घ्यायला निघतो; मधे आलेल्या मित्रांनाही तो बाजूला फेकतो. मित्र कशीबशी हिरवी चिप परत बसवतात, म्हणून अनर्थ टळतो. नंतर घरी हिरो ती चिप पुन्हा काढू पाहतो, पण या वेळी बेमॅक्स छातीचा कप्पा उघडतच नाही. प्राध्यापकांना मारल्याने तुझे मन बरे होईल का, तादाशीला हेच हवे होते का, असे तो आपल्या शांत, दवाखानी आवाजात विचारत राहतो. तादाशी आता उरला नाही, असे हिरो ओरडतो. त्यावर, तादाशी इथेच आहे, असे म्हणून बेमॅक्स स्वतःच्या पोटावर तादाशीने केलेल्या चाचण्यांची जुनी चित्रफीत दाखवू लागतो. एकामागून एक फसलेल्या चाचण्या, त्याने डोक्याला लावलेला हात, आणि अखेर जमल्यावर त्याला झालेला आनंद आपल्याला दिसतो.

दुसरा प्रसंग शेवटच्या लढाईतला आहे. क्रेई कॅलहनांच्या तावडीत सापडलेला असतो. अ‍ॅबिगेलला हे हवे होते का, असा बेमॅक्सचाच प्रश्न आता हिरो त्यांना विचारतो, आणि अ‍ॅबिगेल आता उरली नाही, असे हिरोचेच वाक्य कॅलहनांच्या तोंडून येते. तेच शब्द, तोच सूर. क्षणभर ते थबकतातही. मग क्रेई मधेच तोंड घालतो, हवे ते देतो म्हणतो, आणि मला माझी मुलगी हवी आहे, असे ओरडून कॅलहन पुन्हा त्याच सुडाच्या आगीत शिरतात.

हे दोन प्रसंग पाहून झाल्यावर मुलीला विचारावे : हिरोसुद्धा माणूस मारायला निघाला होता, मग तो वाईट का? ती बहुधा 'त्याला बेमॅक्सने थांबवले' असे म्हणेल. प्राध्यापकांना थांबवणारे कोणी होते का, हा पुढचा प्रश्न ती स्वतःच विचारेल असे मला वाटते. मात्र एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटू देऊ नये. तादाशी तुम्हाला वाचवायला आत गेला होता, असे हिरो सांगतो तेव्हा कॅलहन, ती त्याची चूक होती, असे उत्तर देतात. स्वतःच्या मुलीसाठी जग पेटवायला निघालेला माणूस दुसऱ्याच्या मुलाच्या मरणाला एका वाक्यात निकालात काढतो, ते वाक्य मला आजही गिळता येत नाही. अखेर अ‍ॅबिगेल जिवंत सापडते आणि तिला रुग्णवाहिकेत नेत असताना कॅलहन पोलिसांच्या गाडीतून बघत राहतात. दिग्दर्शकांनी इथे त्यांच्या तोंडी काहीच घातलेले नाही. तिथे मुलीला रडू येत असेल तर येऊ द्यावे. गाडीचे दार मात्र पोलिसांनीच लावलेले आहे, हेही तिला दाखवावे.

प्रश्न : आमच्या लहानपणी राक्षस हा राक्षस असे आणि गोष्ट ऐकून मुले निर्धास्त झोपत. खलनायकाच्या दुःखाची ही नवी टूम मुलांच्या मनातील बऱ्या-वाईटाची रेघ पुसून टाकत नाही काय? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : आपली काळजी मी हसण्यावारी नेत नाही, पण 'नवी' या शब्दाला माझी हरकत आहे. भाऊ चुकतो आहे हे तोंडावर सांगूनही त्याच्याच बाजूने लढायला जाणारा कुंभकर्ण आपण लहानपणी ऐकलाच आहे, आणि कर्णाची बाजू घेऊन जेवणाचे ताट निवेपर्यंत वाद घालणारा एक तरी माणूस मराठी घरात असतोच. हे ऐकून आपली रेघ पुसली गेली नाही. कर्णासाठी हळहळणाऱ्या माणसालाही द्रौपदीच्या सभेत तो जे बोलला ते टोचतेच. (पडद्यावरचा खलनायक म्हटल्यावर आमच्या पिढीला निळू फुले यांचा पाटील आठवतो, आणि त्याच्या दुःखाची चौकशी आम्ही कधी केली नाही, हेही कबूल करतो.)

सुपरहिरोंच्या अ‍ॅनिमेशनपुरते बोलायचे तर हे वळण किमान १९९२ इतके जुने आहे. बॅटमॅनच्या कॉमिकमध्ये १९५९ साली 'मिस्टर झीरो' नावाने आलेला, पुढे 'मिस्टर फ्रीझ' झालेला खलनायक बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक साधा चोर होता. १९९२ च्या अ‍ॅनिमेशन मालिकेत पॉल डिनी यांनी लिहिलेल्या आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केलेल्या 'हार्ट ऑफ आइस' या भागाने त्याला आजारी पत्नी दिली. तिच्यावर उपाय सापडेपर्यंत तिला गोठवून ठेवणारा हा संशोधक असतो आणि खर्च वाचवण्यासाठी ते यंत्र बंद पाडायला लावणारा कंपनीचा मालक असतो. शेवटी फ्रीझ कोठडीत बसून काचेच्या गोळ्यात नाचणाऱ्या बाहुलीकडे पाहत पत्नीची क्षमा मागतो. जेमतेम वीस-बावीस मिनिटांच्या त्या भागानंतर तो चोर पुन्हा पूर्वीसारखा कोणाला दिसला नाही. पण आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे हे की त्या भागातही बॅटमॅन फ्रीझला पकडतोच. दुःख कळले म्हणून सोडत नाही.

प्रश्न : ज्या चित्रपटाला सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले त्याचा खलनायक 'अर्ध्यावर सोडलेला' म्हणणे हा समीक्षकी आगाऊपणा नव्हे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ऑस्कर २०१५ मध्ये मिळाले आणि ते चित्रपटाला मिळाले, कॅलहनांना नव्हे. आगाऊपणाचा आरोप मान्य करायला माझी ना नाही, पण कारणे ऐकून घ्यावीत.

मुखवट्यातले कॅलहन जवळजवळ बोलतच नाहीत. बराच वेळ आपल्याला दिसते ती काळ्या मायक्रोबॉटांची लाट आणि तिच्यावर उभी राहिलेली आकृती. रहस्य टिकवण्यासाठी हे ठीक आहे, पण त्यामुळे त्यांचे दुःख उलगडायला फार थोडा वेळ उरतो. ते दुःख मग बेटावरच्या जुन्या चित्रणातून एकदम आपल्या पुढ्यात टाकले जाते : चाचणीच्या वेळी यंत्रात थोडी गडबड असल्याचे कर्मचारी सांगतात, क्रेई ती मर्यादेत असल्याचे म्हणून पुढे जायला सांगतो, अ‍ॅबिगेलचे यान द्वारात शिरते आणि द्वार कोसळते. 'हार्ट ऑफ आइस'मध्येही नेमके असेच एक चित्रण आहे. फरक असा की तिथे बॅटमॅन ती फीत पत्रकाराच्या हाती देतो आणि परोपकाराचा पुरस्कार घ्यायला उभा असलेला मालक सगळ्यांसमोर उघडा पडतो. इथे क्रेईने केलेल्या घाईचा जाब त्याला कोणी विचारताना दिसत नाही. कॅलहन तुरुंगात आणि क्रेई मोकळा, ही गोष्ट त्या चित्रणानंतर मला खटकते, कारण त्याच चित्रणाच्या जोरावर चित्रपटाने माझी सहानुभूती मिळवलेली असते.

एक जागा मात्र मी परीक्षणात नोंदवायला हवी होती आणि ती राहून गेली. सुरुवातीच्या प्रदर्शनात क्रेई हिरोचे मायक्रोबॉट विकत घ्यायला येतो तेव्हा कॅलहन हिरोला सावध करतात की हा माणूस खऱ्या विज्ञानाची पर्वा न करता आडवाटांनी वर आलेला आहे. पहिल्यांदा पाहताना हा एका चांगल्या शिक्षकाचा सल्ला वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना तेच वाक्य एक बाप बोलतो आहे हे कळते, आणि त्याच वेळी त्याचा डोळा त्या मायक्रोबॉटांवर आहे हेही कळते. चित्रपटात अशा आणखी दोन जागा असत्या, तर 'अर्ध्यावर सोडलेला' हे शब्द मी वापरले नसते.

प्रश्न : महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी मला अशाच एका चित्रपटाचे परीक्षण लिहायचे आहे. खलनायक कोण हेच रहस्य असेल, तर त्याच्याविषयी लिहायचे कसे? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : नाव लपवा, स्वभाव लपवू नका. 'मुखवट्यामागच्या माणसाचे कारण कळल्यावर राग तसाच राहतो आणि शरम वाटू लागते' असे लिहिले तर काहीही फुटत नाही, पण वाचकाला चित्रपटाची जात कळते. नायक आणि खलनायक यांचे काय हरवले आहे, ते एकाच प्रकारचे आहे का, आणि ते हरवल्यावर दोघांच्या भोवती कोण होते, एवढे कागदावर मांडून मग लिहायला बसा. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स'मधल्या किंगपिन या खलनायकालाही मेलेली बायको आणि मुलगा परत हवे असतात, पण त्या चित्रपटात खरा चटका लावतो तो नायक माइल्सचा, किंगपिनसाठी काम करणारा काका, कारण त्याच्यासाठी पुतण्या आणि शत्रू एकाच मुखवट्यात समोर उभे राहतात. कारण सारखे असूनही परिणाम वेगळा का होतो, हे शोधणे म्हणजेच परीक्षण. आणि कथा सांगण्यात दोन परिच्छेदांपेक्षा जास्त जागा घालवू नका. माझी स्वतःची ही खोड अजून गेलेली नाही, हे वरच्या आठवणीवरून दिसतेच आहे.

प्रश्न : बेमॅक्ससारखा मऊ यंत्रमानव खरोखर असतो का? (इयत्ता सातवीतील एक वाचक, पुणे)

उत्तर : हो, अशी कल्पना प्रत्यक्षात होती. दिग्दर्शक डॉन हॉल यांनी चित्रपटाच्या तयारीत अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातील कार्नेगी मेलन विद्यापीठाला भेट दिली होती. तिथे संशोधकांनी हवा भरून फुगवायचा हात तयार केला होता. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना मदत करताना त्यांना लागू नये, हा त्यामागचा विचार होता. तो पाहून हॉल यांना बेमॅक्स सुचला. पुढच्या वेळी चित्रपट पाहताना लक्ष ठेव : बेमॅक्सचे डोळे लाल होतात तेव्हा त्याच्या अंगावर हिरोने चढवलेले कठीण चिलखत असते, आणि घरी तो कप्पा उघडायला नकार देतो तेव्हा ते नसते.