अ‍ॅक्सिअल कॉम्प्रेसरमध्ये पाणी फवारल्याचा परिणाम सिम्युलेट करायचाय. थेट रोटर ३७ वर (नासाचा चाचणीसाठीचा कॉम्प्रेसर रोटर) सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाची संगणकावरची गणना, करू का?

रोटर ३७ जरूर घ्या, पण कोरड्या हवेसाठी. ३६ पाती, मिनिटाला १७,१८८ फेरे आणि नासाची मोजमापं सगळ्यांना खुली. तुमची मेश (गणनेची जाळी) आणि टर्ब्युलन्स मॉडेल (खळबळत्या प्रवाहाचं गणित) तिथे तपासून होतील. पाण्याचा खरा परिणाम मात्र एकट्या रोटरमध्ये दिसायचा नाही. त्या पात्यांमधून हवा एका मिलिसेकंदाच्या आत निघून जाते, तेवढ्यात थेंबाची वाफ ती किती होणार?

म्हणून आधी सगळ्या स्टेजेस (फिरत्या आणि स्थिर पात्यांच्या जोड्या) एकामागोमाग जोडणारं साधं एकमितीय मॉडेल लिहा. खरी गंमत तिथे कळते. वाफ होताना हवा गार होते, मागच्या स्टेजेसपर्यंत तिची घनता वाढलेली असते, अक्षीय वेग पडतो आणि पात्यावर हवा जास्त तिरकी आदळते. मागच्या स्टेजेस स्टॉलकडे, म्हणजे हवा पात्यापासून सुटण्याकडे, सरकतात. पुढच्या स्टेजेसचं उलट: एकूण प्रवाह वाढल्याने त्यांच्यावरचा भार हलका होतो. सरासरी तापमान पाहून हे कधीच लक्षात येत नाही.

माझी एक चूक सांगतो, तुमची एक संध्याकाळ वाचेल. मी पाणी लगेच वाफ होतं असं धरलं होतं. दोन टक्के पाणी दिलं आणि कार्यक्षमता १०० च्या वर गेली! कोड ओळ न् ओळ तपासला, तो बरोबर होता. सूत्र कोरड्या हवेचं होतं, आणि बाहेर पडणारी हवा कोरड्या आदर्श तापमानापेक्षाही गार होती. तेव्हापासून मी तापमानावरून कार्यक्षमता काढत नाही, दर किलो हवेला लागलेलं काम मोजतो. आणि थेंबाच्या वाफेला वेळ देतो: व्यास दुप्पट झाला की वेळ चौपट.

पुण्यात बसून करताय तर एप्रिल आणि जुलै, दोन्ही चालवून बघा. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तर वेट बल्ब (पाण्याची वाफ होऊन हवा जितकी गार होऊ शकते ते तापमान) २१ च्या आसपास येतो, म्हणजे किलोभर हवा इनटेकमध्येच साधारण ७ ग्रॅम पाणी पिऊ शकते. तुम्ही १० ग्रॅम फवारलंत तर उरलेले ३ थेंबांच्या रूपात आत जातात. जुलैत मात्र जवळजवळ सगळे १० आत. घरचा माठ पावसाळ्यात गार होत नाही, तेच कारण. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहोत, तेव्हा इनलेटला १०१ किलोपास्कल टाकू नका, ९५ च्या आसपास घ्या.

पात्यावर आपटून पाण्याचा थर होतो, तो बाहेर केसिंगकडे फेकला जातो. तेवढं पाणी पहिल्या मॉडेलमध्ये 'वाफ न झालेलं' म्हणून वेगळं काढा. तुमच्या नोझलच्या थेंबांचा व्यास किती, तो कळवा. १० मायक्रॉन आणि ५० मायक्रॉन यांची उत्तरं अगदी वेगळी येतील.