पोग्बा चाहत्यांच्या मनातून का उतरला? चूक चाहत्यांची की त्याची?

तुमचा प्रश्न असा, की घोडबंदर रोडच्या टर्फवर खेळणाऱ्या तुमच्या ग्रुपमध्ये २०१६ साली सगळे फ्रेंच फुटबॉलपटू पोल पोग्बासाठी वेडे होते आणि २०२२ उजाडेपर्यंत तेच लोक त्याला शिव्या घालत होते. इतक्या गुणी खेळाडूबद्दल मत असं कसं फिरलं, आणि चुकलं कोण?

माझ्या मते मूळ चूक जागेची होती. मधल्या फळीतला खेळाडू एकट्याने चांगला किंवा वाईट ठरत नाही, त्याच्या शेजारी कोण उभं आहे यावर अर्ध्याहून जास्त ठरतं. चाहत्यांनी पोग्बाकडे पाहिलं, शेजाऱ्याकडे पाहिलंच नाही. तरीही त्यांच्या दोन तक्रारी अगदी खऱ्या होत्या. त्यांच्याकडे येतोच, पण आधी पैशांचं बघू, कारण मनं तिथूनच बिघडायला लागली.

ऑगस्ट २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला ८ कोटी ९३ लाख पाउंडांना घेतलं. तेव्हाचा तो जागतिक विक्रम. हाच मुलगा २०१२ मध्ये हाच क्लब सोडून जवळपास फुकटात युव्हेंटसला गेला होता आणि तिथे चार हंगामांत चार वेळा इटलीची लीग जिंकून परत आला होता. म्हणजे आपलाच माणूस विक्रमी किमतीला परत विकत आणलेला. अशा खेळाडूचा साधा, नेटका, दहापैकी सात गुणांचा खेळ कुणाला चालत नाही. प्रत्येक शनिवारी त्याने किंमत वसूल करून दाखवावी, अशी अपेक्षा पहिल्या दिवसापासून होती.

आता जागा. युव्हेंटसमध्ये मधे तिघे असायचे. पहिल्या तीन हंगामांत मागे बसून बॉल वाटायला पिर्लो होता, धावून बॉल हिसकवायला विदाल होता आणि पोग्बा डावीकडे मोकळा. त्याने पुढे जावं, उशिरा बॉक्समध्ये (गोलसमोरच्या चौकोनात) शिरावं, लांबून मारावं. मागची काळजी दुसऱ्यांची. युनायटेडमध्ये मात्र तो बऱ्याचदा दोघांच्या जोडीत खेळला. दोघांच्या जोडीत एक नियम पाळावाच लागतो: एक पुढे गेला की दुसरा थांबतो, आणि आपला फुलबॅक (कडेचा बचावपटू) वर गेला की त्याच्या मागची मोकळी जागा त्या बाजूच्या मिडफिल्डरने सांभाळायची. पोग्बाचा पाय स्वभावानेच पुढे पडायचा. बॉल गेला, की बचावफळी आणि मधली फळी यांच्यात मोठं खिंडार पडायचं आणि त्याचा जोडीदार मॅटिच एकटा त्यात इकडून तिकडे पळत राहायचा. टीव्हीवर दिसायचं काय, तर गोल खाल्ल्यावर मागून चालत येणारा पोग्बा. तो ६ फूट ३ इंच उंच, ढांगा लांब. असा माणूस नेमक्या वेगाने पळत असला तरी आळशी वाटतो. बुटका, झपझप पावलं टाकणारा खेळाडू तेवढंच अंतर पळाला तरी आपण त्याला जीव तोडून खेळणारा म्हणतो. हा डोळ्यांचा धोका आहे, कुठलाही मिडफिल्डर बघताना लक्षात ठेवा.

हाच पोग्बा २०१८ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून बघा. प्रशिक्षक देशाँने त्याच्या बाजूला मागे थांबणाऱ्या कांटेला ठेवलं आणि डाव्या कडेला मात्विदीला, जो खरं तर मधल्या फळीतलाच माणूस, आत येऊन मदत करायचा. क्रोएशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातला ५९ व्या मिनिटाचा गोल सावकाश, थांबवत बघा. पोग्बा स्वतःच्या हाफमधून उजवीकडे एमबाप्पेला लांब पास देतो. बहुतेक खेळाडू असा पास दिल्यावर थांबून बघत राहतात. तो पास देऊन तसाच पुढे निघतो. एमबाप्पे आत शिरतो, बॉल ग्रीझमनकडून मागे येतो, तोवर पोग्बा बॉक्सच्या तोंडाशी हजर. उजव्या पायाचा फटका बचावपटूला लागून परत येतो, डाव्या पायाने तो गोलमध्ये. चाल त्यानेच सुरू केली आणि संपवलीही त्यानेच. चारच मिनिटं आधी कांटे बाहेर गेला होता, पण देशाँने त्याच्या जागी एन्झोन्झी आणला, तोही मागे बसणाराच. पोग्बाच्या पाठीशी कुणीतरी थांबलेलंच होतं, म्हणून त्याला थेट समोरच्या बॉक्सपर्यंत पळायची मुभा होती.

क्लबकडूनही हे अधूनमधून दिसलं. ७ एप्रिल २०१८, मँचेस्टर सिटीच्या मैदानावर. ती मॅच जिंकली की लीग सिटीची, आणि हाफटाइमला सिटी २-० पुढे. ५३ आणि ५५ व्या मिनिटाला पोग्बाने दोन गोल केले, ६९ व्या मिनिटाला स्मॉलिंगने तिसरा. दोन्ही वेळा पोग्बा उशिरा बॉक्समध्ये शिरला होता. त्या दिवशी सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं.

मग उतरला कसा? एका दिवसात नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये युनायटेडचा प्रशिक्षक मोरिन्यो याने त्याचं उपकर्णधारपद काढलं. डिसेंबरात लिव्हरपूलकडून ३-१ हरताना तो पूर्ण वेळ बाकावर होता, दोन दिवसांनी मोरिन्योच गेला. त्याच्या जागी सोल्शायर आल्यावर पहिल्या तीन लीग सामन्यांत पोग्बाचे चार गोल. इथे चाहत्यांची दोन शकलं झाली. एक म्हणे, बघा, त्याला मोकळं सोडलं की काय होतं. दुसरा म्हणे, मग इतके महिने मुद्दाम खेळत नव्हता का? हा दुसरा संशय नंतर कधीच मिटला नाही. गंमत म्हणजे त्याच २०१८-१९ च्या हंगामात त्याचे लीगमध्ये १३ गोल होते आणि खेळाडूंच्या मतांनी निवडलेल्या वर्षाच्या संघात सिटी आणि लिव्हरपूलबाहेरचा तो एकटाच होता. आकडे वर जात होते आणि प्रेम खाली. म्हणूनच म्हणतो, गोल मोजून हा प्रश्न सुटत नाही.

२०१९-२० मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे तो लीगमध्ये १६ च सामने खेळला. जानेवारी २०२० मध्ये ब्रूनो फर्नांडेस आला आणि चाल रचण्याचं कामच त्याच्याकडे गेलं. चाहत्यांना प्रेम करायला दुसरा माणूस मिळाला, हे कारण लोक बोलून दाखवत नाहीत, पण माझ्या मते मोठं आहे.

आता त्या दोन खऱ्या तक्रारी. पहिली, स्वतःच्या हाफमध्ये पाठ समोरच्या संघाच्या गोलकडे असताना बॉल पायाशी ठेवून राहणं. पुढे ३० मीटरवर दोघांना चकवायचा प्रयत्न फसला तर काही बिघडत नाही, आपल्या बॉक्ससमोर फसला तर गोल होतो. तो दोन्हीकडे सारखाच खेळायचा. दुसरी, तो राहणार की जाणार हे कधीच स्पष्ट नसणं. डिसेंबर २०२० मध्ये त्याचा एजंट रायोला याने त्याचं युनायटेडमधलं पर्व संपल्याचं जाहीरपणे सांगितलं, तेही लाइपझिगविरुद्धच्या निर्णायक सामन्याच्या आदल्या दिवशी. युनायटेड ३-२ हरून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर. चाहता खराब खेळ पचवतो, पण अर्धं मन बाहेर ठेवून खेळणारा त्याला पचत नाही. यात मी पूर्णपणे चाहत्यांच्या बाजूने आहे. आणि तरी महिन्याभरात, जानेवारी २०२१ मध्ये, त्याने बर्नली आणि फुलहॅमविरुद्ध विजयी गोल केले, आणि लोक पुन्हा विरघळले.

शेवटचा हंगाम म्हणजे सगळी गोष्ट छोट्या रूपात. १४ ऑगस्ट २०२१ ला लीड्सविरुद्ध ५-१ मध्ये एकाच सामन्यात चार असिस्ट (गोलला कारण ठरलेले पास). २४ ऑक्टोबरला लिव्हरपूलकडून ०-५: हाफटाइमला आत आला आणि ६० व्या मिनिटाला लाल कार्ड. एप्रिल २०२२ मध्ये नॉर्विचविरुद्ध जिंकलेल्या सामन्यात त्याला बाहेर घेतलं, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. करार संपला आणि तो दुसऱ्यांदा तसाच, बिनपैशांचा गेला.

ग्रुपमध्ये वाद घालताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये वुल्व्हजविरुद्ध पेनल्टी हुकल्यावर त्याच्यावर वंशद्वेषी शिव्यांचा मारा झाला. त्याला मतपरिवर्तन म्हणू नका, तो निव्वळ द्वेष आहे. आणि २०२३ मधलं टेस्टोस्टेरॉनचं (उत्तेजक चाचणीचं) प्रकरण युव्हेंटसमधल्या दुसऱ्या खेपेचं. चार वर्षांची बंदी पुढे १८ महिन्यांवर आली. ते मागे ओढून युनायटेडमधल्या खेळाला लावू नका.

मन फिरतं ते उलटंही फिरतं. २७ ऑक्टोबर २०१९ ला आर्सेनलचा कर्णधार ग्रानिट झाका क्रिस्टल पॅलेसविरुद्ध बाहेर येताना प्रेक्षकांनी हुर्यो केली, त्याने कानाला हात लावून दाखवला, शर्ट काढला आणि सरळ आत निघून गेला. कर्णधारपद गेलं. २०२२-२३ मध्ये प्रशिक्षक अर्टेटाने त्याला थॉमस पार्टी या मिडफिल्डरच्या पुढे डावीकडे खेळवलं, म्हणजे मागची चौकी दुसऱ्याकडे दिली, आणि मे २०२३ मधल्या वुल्व्हजविरुद्धच्या ५-० मध्ये दोन गोल करून तो टाळ्यांच्या गजरात गेला. माणूस तोच, वीस मीटर पुढे सरकवलेला. आपल्याकडचं, इंडियन सुपर लीगमधलं उदाहरण मिडफिल्डर अहमद जाहूचं. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबई सिटीकडून पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्टविरुद्ध पहिल्या हाफमध्ये लाल कार्ड, संघ १-० हरला. त्याच हंगामात मुंबईने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, आणि चाली त्याच्याच पायातून सुरू व्हायच्या.

टर्फबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या ग्रुपचं मत तिथे घडतंय. पाच-पाचच्या टर्फवर ऑफसाइड नाही, जाळीमुळे बॉल बाहेर जात नाही, आणि बॉल गमावला तरी दहा पावलांत परत येता येतं. तिथे पोग्बासारखा खेळाडू राजा असतो. अकरा जणांच्या मैदानावर त्याच चुकीला चाळीस मीटर पळण्याची शिक्षा असते. दुसरं, चॅम्पियन्स लीगच्या बहुतेक मॅच आपल्याकडे रात्री साडेबारा-दीडला सुरू होतात. सकाळी कामावर जाताना लोकलमध्ये चार मिनिटांची क्लिप बघून मत बनतं. क्लिपमध्ये पास आणि गोल असतात. आपल्या फुलबॅकची जागा झाकत मिडफिल्डर दहा मिनिटं नुसता उभा राहिला, हे त्यात कधीच येत नाही.

पारखायचं असेल तर पूर्ण सामना आणि एक कागद घ्या. नव्वद मिनिटं एकाच माणसाकडे बघवत नाही, लक्ष बॉलकडे जातंच. म्हणून दोन तुकडे निवडा: १५ ते ३० मिनिटं आणि ७० नंतरची पंधरा मिनिटं, जेव्हा पाय थकलेले असतात. चार गोष्टींसाठी रेघा मारा. बॉल येण्याआधी त्याने मान वळवून मागे पाहिलं का. पास देण्याआधी बॉलला किती वेळा पाय लावला. बॉल गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत तो धावला की हात वर करून पंचाकडे बघत राहिला. आणि आपला फुलबॅक वर गेला तेव्हा तो कुठे होता. ही चौथी रेघ सर्वांत महत्त्वाची आणि टीव्हीवर सर्वांत कमी दिसणारी. पासची टक्केवारी बघू नका. पाच मीटर मागे दिलेले दहा पास तिला ९० च्या वर नेतात. प्रतिस्पर्ध्यांची एक फळी मागे टाकणारे पास तेवढे मोजा.

मैदानात जाऊन बघितलंत तर फारच उत्तम. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये फुटबॉल असेल, तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने थेट नेरूळ. मुंबई सिटीचे २०१४ आणि २०१५ चे घरचे सामने तिथेच व्हायचे. ते क्रिकेटचं गोल मैदान आहे, त्यामुळे खालच्या रांगांतून सगळं लांब आणि सपाट दिसतं. वरच्या मजल्यावर, मधल्या रेषेच्या आसपास बसा. छत खांबांशिवाय आहे, नजर कुठे अडत नाही. अंधेरीच्या क्रीडा संकुलात स्टँड लहान पण जवळ. घाटकोपरहून मेट्रोने आझाद नगर. तिथे शक्य तितक्या वरच्या रांगेत बसा.

तुमच्या ग्रुपचा वाद मिटवायचा असेल, तर दोन जुन्या मॅच पूर्ण लावा. ३१ जानेवारी २०१८ ची टॉटनहॅम-युनायटेड, ज्यात मॅटिच-पोग्बाची जोडी होती, ११ व्या सेकंदाला गोल खाल्ला, संघ २-० हरला आणि ६३ व्या मिनिटाला पोग्बाला बाहेर काढलं. आणि त्याच वर्षीचा विश्वचषकाचा अंतिम सामना. दोन्ही वेळा पोग्बाकडे बघूच नका. पहिल्यात मॅटिचवर नजर ठेवा, दुसऱ्यात आधी कांटेवर आणि ५५ व्या मिनिटानंतर एन्झोन्झीवर. बॉल गेल्यावर प्रत्येकाला किती जागा एकट्याने झाकावी लागली, एवढंच मोजा.