जुनी पेट्रोमॅक्स घरी केलेल्या हत्यारांनी दुरुस्त होते का?

होते. तुम्ही लिहिलंय की आजोबांची पितळी बत्ती कॅम्पिंगला न्यायची आहे, पंप हवा धरत नाही आणि दुकानदार म्हणतो, स्पेअर नाहीत, स्पेशल पान्याशिवाय उघडूच नका. त्याला चार्जिंगचा दिवा खपवायचा असेल. मलाही इथे सोलापुरात एका दुकानात हेच ऐकवलं होतं, आणि त्याआधी पंचवीस वर्षं माझा सख्खा भाऊ हेच ऐकवत आलाय. म्हणून तर लिहायला बसले.

आमची बत्ती आप्पांची. आप्पा सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. लग्नसराईत अर्धी गल्ली बत्ती मागायला दारात, आणि आप्पा कुणाला नाही म्हणायचे नाहीत. एका वरातीहून ती परत आली ती भकाभका पिवळी पेटायला लागली. आदल्याच आठवड्यात मी पंपाला तेल घातलं होतं, म्हणून खापर माझ्यावर. दादा तेव्हा इंजिनिअरिंगला. "जर्मन डिझाईन आहे, तुझे जुगाड त्यात चालत नाहीत." पुढे प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक पाहुण्यासमोर, 'हिने बत्ती मारली' हा किस्सा.

जर्मन खरंच आहे. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या नावातला मॅक्स आणि पेट्रोलियममधला पेट्रो. खरं आमची बत्ती हिंदुस्थानी नक्कल, कंपनीचं नावही घासून गेलेलं. आपल्याकडे सगळ्याच बत्त्यांना पेट्रोमॅक्स म्हणतात. आणि वरातीत ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायकांनी कधी जर्मन पुस्तक वाचलेलं नव्हतं.

आप्पा गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आली, कारण दादाच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. गेल्या डिसेंबरात मंगळवेढ्याला काकांच्या शेतात हुरड्याला मुक्कामी जायचं ठरलं, तेव्हा बत्ती खाली काढली.

पंप हवा धरत नाही म्हणजे दहातल्या नऊ वेळा चामड्याची वायसर सुकलेली असते. आधी एरंडेल पाजून रात्रभर ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. आमची तडकली होती. पेटीत मागाच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा सापडला. पंपाच्या नळीपेक्षा मोठी चकती कापली, कोमट पाण्यात रात्रभर भिजवली, त्याच मापाच्या पाइपच्या तुकड्यात बॉक्स पान्याच्या गोटीने दाबून बसवली. दोन दिवसांनी वाटीसारखी होऊन निघाली. कडा ब्लेडने सारख्या केल्या, मध्ये भोक पाडलं, एरंडेलात बुडवली. वाटीचं तोंड खाली, टाकीकडे. उलटी बसवली तर दिवसभर पंप मारत बसाल. सायकलच्या ट्यूबची वायसर करू नका, रॉकेलने ते रबर फुगतं.

तरी पंपाचा दांडा आपोआप वर यायला लागला. म्हणजे नळीच्या तळाशी जो वॉल्व्ह आहे तो गळतोय. तुमचा दुकानदार ज्याला स्पेशल पाना म्हणतो, तो इथे लागतो. काम लांबलचक पेचकसाचं, पण तोंड रुंद हवं आणि नळीत मावायला हवं. मी आधी साधी सळई ठोकून चपटी केली. पहिल्याच झटक्याला पिळवटली. साध्या लोखंडाला पाणी चढत नाही, म्हणजे तापवून विझवलं तरी ते कडक होत नाही, हे आप्पांकडून शंभरदा ऐकलेलं, तरी. मग पेटीत गिरणीतली एक जुनी चाती (सुताचा पोलादी दांडा) होती, ती लाल करून मऊ केली, टोक ठोकलं, कानशीने खाचेला चपखल बसेपर्यंत घासलं आणि परत लाल करून तेलात विझवली. वर आडवी मूठ म्हणून सायकलच्या पेडलचा दांडा. वॉल्व्ह सुटला. आतलं रबर दगड झालेलं. मोटरसायकलच्या पेट्रोल कॉकमधल्या रबराची टिकली कापून घातली, कारण ते रबर इंधनाला टिकणारं असतं.

आता निपल. रॉकेलची तापून वाफ होते ती या भोकातून सुटते, सगळा उजेड या भोकावर. ते भोक जरा जरी मोठं झालं तरी रॉकेल जास्त, हवा कमी, मग ज्योत पिवळी आणि काच काळी. साफ करायला ब्रेकच्या वायरमधली सगळ्यात बारीक तार घ्या, ती बुचात खोचा, झाली पिन. मी निपल उघडून उजेडाला धरलं तर भोक लांबट, आणि त्यात काहीतरी अडकलेलं. दाढीच्या ब्लेडने उचकटून काढलं. शिवणाच्या सुईचं मोडकं टोक! वरातीच्या रात्री सुई कोणी घातली असेल? मी तेव्हा नवरीपाशी होते. बत्तीपाशी एकच इंजिनिअर होता.

निपल मात्र घरी होत नाही. त्याच्यासाठी तीन जुन्या बाजारांत हिंडले, तेव्हा एकाच्या डब्यात मापाचं मिळालं. मेंटल, म्हणजे तापून उजेड देणारी जाळीची पिशवी, नवीन घेतलं, बांधून आधी जाळलं. मंगळवेढ्यात दादाने तीन एलईडी दिवे आणले होते. मी टाकीत पंप मारून ती पाण्याच्या बादलीत बुडवली, बुडबुडा नाही. रॉकेल भरलं, स्पिरिटने तापवली, आणि ती सू करत पेटली तेव्हा काकूंनी स्वतः एलईडी बंद करायला लावले. रात्री दोनपर्यंत कणसं भाजली तिच्या उजेडात.

सुईचं टोक मी काड्यापेटीत जपून ठेवलं होतं. सगळ्यांसमोर उघडून दाखवलं. दादा म्हणतो, "पण सुई तुझ्याच शिवणाच्या डब्यातली होती ना?"

हां, काही गोष्टी राहिल्या. तंबूच्या आत बत्ती पेटवू नका, विषारी वायू साठतो आणि कापड पेटतं ते वेगळं. रॉकेल मिळत नाही म्हणून पेट्रोल घालायचा विचार असेल तर बत्ती शोकेसमध्येच ठेवा. टाकीला डाग देणं (सोल्डरिंग) घरी करू नका, आत रॉकेलची वाफ राहते. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं, जळाल्यावर त्याची राख फुंकू नका. आणि चाती तापवण्याआधी चष्मा घाला, मी नव्हता घातला.

मागाचा पट्टा हातभर उरलाय. पंपाच्या नळीचं माप कळवा, वायसर करून देते.